तीन गावं आणि माझा शेरा

भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटल्यापासून मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. आत एक फॉर्म होता. माझ्या विद्यार्थिनीने पीएचडी सोडण्यासाठी भरलेला, आणि खाली मार्गदर्शकाच्या सहीची जागा कोरी. तिला तिच्याच तालुक्यातल्या सरकारी रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञाची नोकरी लागली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं आणि त्याआधी माझं ‘हरकत नाही’ हवं होतं. सोबतच्या मेलमध्ये तीन ओळी होत्या आणि कारण म्हणून एकच शब्द, वैयक्तिक. माझी हरकत होती, चांगलीच होती, पण ती सांगायची कुणाला? दोन दिवस ती फोन उचलत नव्हती.

आणि मी निघाले होते कुठे, तर किहीमला, तरुण संशोधकांना मार्गदर्शन कसं करावं ते शिकायला. आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाने वरिष्ठांसाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या बाईला आता हे शिकवणार म्हणून मी पत्र आल्या दिवशी विभागात भरपूर बडबड केली होती. मला कुणी हाताला धरून शिकवलं नव्हतं. आमचे सर कागद लाल करून टेबलावर फेकायचे, आम्ही ते उचलायचो, पुन्हा लिहायचो. तशाच रीतीने मी बावीस जणांना पीएचडी मिळवून दिली होती, आणि त्यातले निम्मे अजून दिवाळीला फोन करतात. उरलेले निम्मे का करत नाहीत, असा प्रश्न मला तोवर पडला नव्हता.

रेवसला उतरून रिक्षा केली. वाटेत कापून झालेल्या भातखाचरांत वाल वर आला होता. एरवी मी हे सगळं न्याहाळत जाते. त्या दिवशी दर पाच मिनिटांनी फोन काढून बघत होते. रिक्षावाल्याने विचारलंच, की ताई, घरी कुणाचं बरंबिरं नाही का. मी त्याच्यावर वसकले. माझ्या नाकावर राग असतो हे मला ठाऊक आहे, पण त्या दिवशी तो राग नव्हता. भीती होती आणि ती कुणाला दिसू नये म्हणून ओरडत होते.

ही मुलगी पाच वर्षांपूर्वी आली तेव्हा बाकीच्यांसारखीच घाबरलेली होती. घरातली पहिलीच एम.एस्सी. माणगावच्या आत, डोंगराकडच्या एका गावातली. आई अंगणवाडी सेविका, वडील रोह्याच्या कारखान्यात. मला तिच्याबद्दल एवढंच माहीत होतं आणि एवढं पुरेसं आहे असं मला वाटायचं. आमचा अभ्यास होता लेप्टोच्या तापाचा. भातलावणीत तासन्‌तास चिखलात उभ्या राहणाऱ्या माणसांना उंदरांमुळे होणारा हा ताप. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे जंतू वळवळताना दिसतात, पण ते ओळखायला नजर लागते. ही पोरगी पहिल्याच आठवड्यात ते माझ्याआधी दाखवू लागली. मी तोंडावर काही बोलले नाही. आमच्याकडे न बोलणं हीच शाबासकी असते.

मग मी ठरवलं, की गावांमधून रक्ताचे नमुने हिनेच आणायचे. चौदा गावं होती. दोन वर्षं, लावणीच्या आधी एकदा आणि कापणीनंतर एकदा, त्याच माणसांचं रक्त. ‘तू तिथलीच आहेस, लोक तुझ्याशी बोलतील,’ असं मी तिला म्हटलं होतं आणि ते म्हणताना आपण किती विश्वास टाकतोय याचा मला अभिमान वाटला होता. मुद्दाम तिच्या घराजवळची तीन गावं यादीत घातली. येणं-जाणं सोपं पडेल, घरचं जेवण मिळेल, हा माझा हिशोब.

किहीमच्या त्या रिसॉर्टमध्ये, नारळांच्या बागेत, निरनिराळ्या महाविद्यालयांतले चौदा प्राध्यापक प्लास्टिकच्या खुर्च्यांवर गोल करून बसलो. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. पहिला दिवस सगळ्यांनी तिला खिजवण्यात घालवला. एक हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, आमच्या मुलांना काहीच अडचण नसते, असली तर ती सांगतात. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. ती शांतपणे म्हणाली की हे वाक्य ती प्रत्येक शिबिरात ऐकते. संध्याकाळी रिसॉर्टवाल्यांनी पोपटी लावली होती. मडक्यातल्या वालाच्या शेंगा सोलत बाकीचे गप्पा मारत होते. मी बागेच्या टोकाला उभी राहून आठव्यांदा फोन लावत होते. रिंग पूर्ण वाजायची आणि बंद व्हायची.

दुसऱ्या दिवशी खेळ होता. नाटकच म्हणा. प्रत्येकाने आपल्या एखाद्या विद्यार्थ्याशी झालेला खटका कागदावर लिहायचा. मग विद्यार्थी आपण व्हायचं आणि आपली भूमिका दुसऱ्याने करायची. मी लिहिलं: विद्यार्थिनी क्षेत्रकाम टाळते. चौदापैकी तीन गावांत तिने स्वतः रक्त घेतलं नाही, उपकेंद्रातल्या नर्सकडून घेतलं. नमुन्यांच्या रजिस्टरमध्ये रक्त घेणाऱ्याची सही असते, त्यावरून मी पकडलं.

हे खरंच होतं. दोन्ही वर्षं, त्या तीन गावांच्या पानांवर नर्सची सही. मी तिथे लाल पेनने शेरा लिहिला होता: ‘स्वतः का नाही? आपलं काम दुसऱ्यावर ढकलू नये.’ तिने त्याखाली काही लिहिलं नाही. पुढच्या प्रगती-समितीच्या बैठकीत चार जणांसमोर मी म्हटलं होतं, हिला फिरायचा कंटाळा आहे. ती तिथेच बसली होती. समितीने अहवालात ‘क्षेत्रकामात टाळाटाळ’ असे शब्द घातले आणि परदेशातल्या परिषदेसाठी तिच्याऐवजी दुसऱ्या मुलाचं नाव गेलं. मी म्हटलं, शिकेल यातून.

माझी भूमिका करायला पुण्याचे एक जुने स्नेही उठले. शस्त्रक्रियेचे प्राध्यापक, स्वभावाने मिश्कील. त्यांनी माझा चष्मा मागून घेतला, तो नाकावर खाली ओढला आणि सगळे हसले. मग माझ्या आवाजात त्यांनी विचारलं, ‘अकरा गावांत तूच घेतलंस. मग या तीनच गावांत का नाही?’

मी तिच्या खुर्चीवर बसले होते. तोंड उघडलं. मला वाटलं होतं काहीतरी सबब येईल, पाय दुखत होते, बस चुकली, आई आजारी होती. तोंडी परीक्षांमध्ये मुलांच्या सबबी ऐकण्यात माझी हयात गेली आहे. पण एकही सबब तिच्या तोंडी शोभेना. ही मुलगी गुडघाभर पाण्यातून नमुन्यांची थंडपेटी डोक्यावर घेऊन गेलेली मला माहीत होती. खाडीकडच्या गावांत सकाळी सहाला पोचायची. तिला कंटाळा येत नव्हता.

शिकवणाऱ्या मुलीने विचारलं, ‘तिचं उत्तर काय होतं? तुम्ही विचारलं असेल ना?’

‘शेरा लिहिला होता,’ मी म्हटलं.

लोक हसले. ती हसली नाही. मीही नाही.

जेवताना माझ्या समोर सुरमई थंड होत होती. मी कागदी रुमालावर चौदा गावांचे ठिपके काढले. आयुष्यभर मी ठिपके काढूनच ताप शोधला आहे: कुठे आहे, कुठे नाही, काय वेगळं आहे. अकरा ठिपके लांबचे, खाडीकडचे, पार पेणच्या बाजूचे. तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं. मुंबईच्या कॉलेजातून आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणून दार उघडायचं. तीन ठिपके तिच्या घराभोवतीचे. तिथे तिला सगळे ओळखत होते. कुठल्या वाडीतली, कुणाची लेक, आडनाव काय. तिच्या गावात भातखाचरांच्या पलीकडे बुद्धविहार आहे आणि त्याभोवतीच्या वस्तीत तिचं घर आहे, हे मी एकदा तिला सोडायला गेले तेव्हा गाडीच्या काचेतून पाहिलं होतं. पाहिलं होतं म्हणजे डोळ्यांसमोरून गेलं होतं. मनात शंकेची पाल चुकचुकली. मला कुणी कधी आडनावावरून ओळखलं तर खुर्चीच पुढे केली होती. त्यामुळे ‘लोक तुला ओळखतात’ याचा दुसरा काही अर्थ असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि मीच ती गावं यादीत घातली होती, तिच्या सोयीसाठी.

त्या दुपारी तिचा मेसेज आला. ‘मॅडम, शनिवारी सही मिळेल ना?’ मी तीन वेळा उत्तर लिहिलं आणि खोडलं. शेवटी ‘मी येते’ एवढंच पाठवलं. त्याला उत्तर आलं नाही.

शनिवारी समारोप सोडून मी सकाळीच निघाले. अलिबागहून एस.टी.ने पेण, तिथून माणगाव. हायवेवर गाडी रखडत होती आणि मी मनात भाषणं तयार करत होते. एक माफीचं, एक रागाचं, एक अगदी व्यवहारी. वाटत होतं की पोचेपर्यंत ती कुणाकडून तरी परस्पर सही मिळवून मोकळी होईल. मग वाटायचं, तसं झालं तर बरंच, मला तिच्यासमोर उभं राहावं लागणार नाही. असली लाज मला याआधी कधी वाटली नव्हती. माणगावच्या बाजारात उतरून रिक्षा ठरवली तेव्हा बारा वाजत आले होते.

आईने दार उघडलं. मला पाहून ती गडबडली नाही. ‘या बाय, बसा. ती हाय मागच्या दारी. जेवल्याबिगर जायाचं न्हाय,’ म्हणाली आणि पाणी दिलं. मी घटाघटा प्यायले. मग ती माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, ‘पोरगी बोलत न्हाय कायपन. तुमी मारल्यासारखं काय बोल्लाव का तिला?’

मी हो म्हटलं.

‘व्हय ना? मला वाटलंच,’ ती म्हणाली आणि भात लावायला आत गेली.

विद्यार्थिनी ओले हात पुसत आली. मी तयार केलेलं एकही भाषण आठवेना. मी तिला सरळ विचारलं, त्या तीन गावांत काय होत होतं. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. चिडली नव्हती, रडलीही नव्हती. म्हणाली की सांगून कळायचं नाही, शेजारच्या गावातली पाच घरं अजून उरली आहेत, दुसऱ्या फेरीचं रक्त घ्यायचंय, नर्स आज सुटीवर आहे, येता का. थंडपेटी भरून तयारच होती. नोकरी सोडून जाणारी माणसंसुद्धा हातातलं काम पुरं करून जातात, एवढंच वर म्हणाली.

आम्ही बांधावरून चालत गेलो. पंधरा मिनिटांची वाट. मी घाईघाईने तोडगे सांगत होते. तू आता फक्त प्रयोगशाळेत काम कर, गावांत दुसऱ्या कुणाला पाठवते, समितीला पत्र लिहिते. ती पुढे चालता चालता म्हणाली, म्हणजे मला इथून काढणार. पुन्हा तेच केलं होतं मी, तिला न विचारता तिची सोय.

पहिल्या घराच्या ओटीवर एक बाई तांदूळ निवडत होत्या. माझ्या वयाच्या असतील. मी पायऱ्या चढून वर गेले. मागे वळून पाहिलं तर ती खालीच थांबली होती. तिला कुणी थांब म्हटलं नव्हतं. बाईंनी मला खुर्ची दिली. छान हसल्या, मुंबईहून आलात का म्हणून विचारलं. तिचीही चौकशी केली, आईचं गुडघ्याचं कसं हाय, नोकरी लागली म्हणं, बरं झालं. आवाजात कुठेही आडकाठी नव्हती. त्यामुळेच मी अजून आशा धरून होते, की माझे ठिपके चुकले असतील.

तिने खालूनच हातमोजे चढवले, सुई काढली आणि एक पायरी वर आली.

बाईंनी हात पदराखाली घेतला. ‘डाक्टरीनबाई, तुमीच घ्या ना,’ त्या मला म्हणाल्या. ‘तुमचा हात हलका दिसतो.’

किती गोड शब्द. यात बोट ठेवायला जागाच नाही. कुणी विचारलं तर काय सांगणार, त्यांनी माझं कौतुक केलं? दोन वर्षं ही पोरगी हे ऐकून खाली उतरत होती, नर्सच्या सुटीच्या दिवशी तिच्या विनवण्या करत होती, आणि संध्याकाळी रजिस्टरमध्ये खोटं न लिहिता जिने रक्त घेतलं तिचीच सही घेत होती. नर्सच्या जागी तिने स्वतःचीच सही ठोकून दिली असती तर मला कधीच कळलं नसतं.

मी म्हटलं, रक्त हीच घेणार. मला तितकं चांगलं येत नाही. बाई हसल्या. मी पुन्हा म्हटलं. मग त्यांचं हसणं हळूहळू थांबलं. सुपातले तांदूळ त्यांनी दोनदा पाखडले. आज उपास हाय, रक्त नको, म्हणाल्या आणि सूप उचलून आत गेल्या. मी खुर्चीवर एकटी. इतक्या वर्षांत एखाद्या घरातून मी अशी रिकाम्या हाताने उठले नव्हते.

उरलेल्या चार घरांत आम्ही गेलो. दोन ठिकाणी असंच झालं. एका घरात कुणी नव्हतं. शेवटच्या घरात एका तरुण सुनेने काही न बोलता हात पुढे केला आणि सासू आत भांडी आपटत राहिली. माझ्या विद्यार्थिनीने इतकं अलगद रक्त घेतलं की सुनेला सुई कळलीसुद्धा नाही.

परतीच्या बांधावर एका जांभळीखाली ती थांबली. थंडपेटी खाली ठेवली. मी तिला म्हटलं की मी चुकले. हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा म्हटलंय ते मोजायला एक हात पुष्कळ झाला. मी म्हटलं, राहा. तुला जसं हवं तसं करू, समितीसमोर मी स्वतः बोलेन, जे घडलं ते प्रबंधात लिहू. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, विचारलं की तुला काय हवंय.

तिने पेटीचं झाकण पुन्हा दाबून बसवलं. मला वाटलं विचार करतेय.

‘मॅडम, माझं ठरलंय,’ ती म्हणाली. ‘तुम्ही यायच्या आधीच ठरलं होतं. सोमवारी मी रुजू होतेय.’

‘मग मला इथे का आणलंस?’

‘मी काम टाळलं नव्हतं. ते तुम्हाला माहीत असावं म्हणून.’

मी पर्समधून फॉर्म काढला. खाली ठेवायला सपाट काही नव्हतं, म्हणून तिने थंडपेटी उचलून एका हाताने कडेवर घेतली आणि माझ्यासमोर धरली. पेन टेकवलं आणि माझा हात थरथरायला लागला, अक्षर वळेना. ती म्हणाली, सावकाश, मॅडम. दुसऱ्या हाताने तिने माझं मनगट धरलं आणि सही होईपर्यंत सोडलं नाही.